पानाच्या पोटातली तारीख

सोमवार, सकाळी साडेअकरा. पनवेलमधलं आमच्या न्यूज पोर्टलचं ऑफिस.

उलव्याजवळच्या गावातले धर्माकाका मोबाइल नाचवत आत आले. त्यांच्या शेतातून रस्ता जाणार होता आणि हरकत घ्यायची मुदत हुकली होती. आमच्यामुळे!

"तुमी लिवलंत, उद्यापर्यंत मुदत हाय. आमाला मोबाइलवर बातमी आली गुरुवारी. शुक्रवारी गेलो, तं सायेब बोलतो बुधवारीच संपली!"

बातमी माझीच होती. एका कारकुनाकडून फोनवर कळली, मंगळवारी घाईत टाकली. आयुष्यभर इतरांना जाब विचारत आलो. त्या दिवशी मलाच विचारला गेला!

तारखांचे असे किस्से वेबसाइट सुरू झाल्यापासूनच साठले. छापील अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. वेबसाइटवरची बातमी महिनाभर मोबाइलवर फिरत राहते.

* * *

वेबसाइट सांभाळणारी स्नेहल कधीची मागे लागली होती. बातमीतल्या प्रत्येक तारखेला टाइम टॅग लावा. वाचकाला हवं ते दिसू दे, पानाच्या आतल्या कोडमध्ये मात्र मशीनला कळेल अशी पूर्ण तारीख आणि वेळ हवी. मग पान स्वतःच सांगेल, मुदत संपली.

मी भांडलो होतो, "मी बातमीदार आहे, टायपिस्ट नाही!"

"सर, तुमचा 'उद्या' रोज पुढे सरकतो."

काका गेल्यावर मी मुकाट्याने तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

* * *

पहिलीच बातमी कर्नाळ्याच्या पक्षीनिरीक्षणाची. मी लिहिलं, 'रविवारी पहाटे'.

"पहाटे म्हणजे किती वाजता, सर?"

"पहाटे म्हणजे पहाटे!"

"टॅगमध्ये आकडा लागतो."

चिडून आयोजकांना फोन लावला. "साडेसहा," ते म्हणाले, "पण रविवारी कुठे? या वेळी शनिवारी आहे!"

त्या आकड्यासाठी तिने हट्ट धरला नसता, तर मी अख्खं गाव रिकाम्या जंगलात पाठवलं असतं.

* * *

एकदा तिचंही चुकलं. सकाळी साडेदहाचं रक्तदान शिबिर लोकांच्या मोबाइलवर दुपारी चारला दिसलं. आयोजक फोनवर ओरडले, "रक्त द्यायला माणसं आलीत आणि डॉक्टर घरी गेलेत!"

स्नेहल म्हणाली, "चूक माझी. टॅगमध्ये ही भारताची वेळ आहे असं लिहायला विसरले, म्हणून मोबाइलने ती साडेपाच तास पुढे नेली."

इतकं सरळ वाक्य मी कुठल्याच ऑफिसात ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्याशी भांडणं सोडलं.

* * *

काकांचं शेत मात्र डोक्यातून जात नव्हतं. हरकती घेणाऱ्या त्या सरकारी कार्यालयात दोनदा भांडून आलो. साहेबांचं एकच पालुपद, "नोटीस मुदतीच्या पंधरा दिवस आधी कार्यालयाच्या वेबसाइटवर होती." पानावर तारीखही तशीच होती.

स्नेहलने ते पान आतून उघडलं.

"सर, वरची तारीख कुणीतरी हाताने टाइप केलीय. टाइम टॅगमधली यंत्रणेने आपोआप घातलीय."

आत गुरुवार होता. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मुदत बुधवारी संपली आणि नोटीस गुरुवारी लागली!

प्रिंट काढून मी काकांना घेऊन गेलो. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग काकांच्या हरकतीवर पोच म्हणून शिक्का मारला.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "त्या पोरीला सांगा, जेवाला यायचाच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलने ते पान पुन्हा उघडलं. वरची तारीख जागेवर होती. आतली नव्हती.

ती कुणी काढली, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.