शेडमागची माती

"पाऊस पडो न पडो, माझ्या गाईला हिरवा घास हाये," टेंभुर्णीचा धर्मराज एकदा म्हणाला होता, आणि ते खरं होतं. गावची जनावरं कडब्यावर दिवस काढत होती तेव्हा त्याच्या शेडमध्ये ट्रेमधला गहू मातीवाचून, नुसत्या खताच्या पाण्यावर आठवड्यात वीतभर वाढायचा. त्या वर्षी त्यानं रान बटईनं देऊन टाकलं. ढेकळं तुडवायचा त्याला कंटाळा आला होता. हा हायड्रोपोनिक चारा बघायला कोणी आलं, की त्याचा आवाज जरा चढायचा.

घटस्थापनेच्या दिवशी बायको द्वारकाबाई म्हणाली, "रानातली माती आणा. आपल्याच."

रान लांब होतं. त्यानं शेडमागूनच टोपलंभर माती उचलली. ट्रेमधलं उरलेलं खताचं पाणी तो तिथं सोडायचा. मातीवर पांढरा खार फुटला होता, तो त्यानं हातानं झाडला.

द्वारकाबाईनं पत्रावळीवर ती माती पसरली, गहू पेरला, मधोमध घट ठेवला. उपास धरला. पाचव्या माळेला शेजारणीकडं बोटभर धान आलं होतं. हिच्या घटात काहीच नव्हतं.

"माझंच काही चुकलं असंल," ती म्हणायची. धर्मराज तिथंच जेवत असायचा. मातीचं सांगायला तोंड उघडायचा आणि भाजी मागायचा.

एका दुपारी ती देवळात गेली, तेव्हा त्यानं ट्रेमधला गहू आणून घटाभोवती दाबून बसवला. परत आल्यावर ती रडली. "पावली माय," म्हणाली, आणि गल्लीभर सांगून आली.

दसऱ्याला त्याची आत्या, तुळजाबाई, आली. भाच्याच्या टोपीत धान खोवायचं म्हणून तिनं मूठभर उपटलं. हातात मुळांची पांढरीशुभ्र चटई आली. खालच्या मातीत पेरलेला गहू कुजून पडला होता.

"धर्म्या, हे धान आंघोळ करून आल्तं का रं?" आत्या म्हणाली. "गाईचा घास देवीपुढं मांडला म्हण की."

जमलेल्या बायका हसल्या. द्वारकाबाईनं ती मुळं हातात घेतली, उलटून पाहिली.

"मीच हे धान आणायला लावलं त्यांना," ती म्हणाली. "ह्यांना बोलू नका, आत्याबाई."

मग तिनंच त्यातलं चिमूटभर धान त्याच्या टोपीत नीट खोवलं. तिची बोटं कपाळाला लागली तशी त्यानं मान खाली घातली. टोपी काढून त्यानं घटापाशी ठेवली आणि बाहेर निघून गेला.