अर्धी सोललेली कड

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'सालकाढे' म्हणतात. ते आडनाव नाही, धंदा आहे. मोडीत निघालेली टेबलं, कपाटं, दुकानांतले खण तिथे येतात आणि त्यांच्या फळ्या सुट्या करतात. त्या फळ्यांच्या कडांना चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी सोलून काढायची, हे ह्यांचं काम. नवी पट्टी लावणारा वेगळा. त्याचं कौतुक होतं. जुनी काढणाऱ्याच्या वाट्याला घाण येते.

आणि घाण म्हणजे कसली! लोकांना वाटतं, पट्टीच्या आड लाकूड असतं. लाकूड कसलं डोंबलाचं! भुसा दाबून केलेल्या फळ्या त्या, पाणी लागलं की पावासारख्या फुगतात. पट्टी जरा सुटली की फटीत तेल, खरकटं, कुणाचा तरी शेंबूड आणि झुरळांची अंडी. हे गरम इस्त्री पट्टीवरून फिरवतात. आतला सरस वितळतो आणि त्याच्याबरोबर हे सगळं शिजायला लागतं. मी डबा द्यायला जायचे तेव्हा नाक धरून दारातच उभी राहायचे. एकदा पट्टीमागून झुरळं निघाली ती थेट ह्यांच्या बाहीत शिरली. ह्यांनी बाही झटकली आणि मला विचारलं, "भाजी कसली आणलीस?" मी डबा दारातच ठेवून पळाले.

ह्यांच्या नखांत तो सरस कायमचा बसलाय. साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं, काळं काही जात नाही. आमची लेक लहानपणी बाबांच्याच हातून जेवायची. मोठी झाली तशी नाक मुरडायला लागली. ह्यांनी पोळी वाढायला हात पुढे केला की म्हणायची, "तुम्ही नका ना बाबा, जेवताना किळस येते." हे हात मागे घ्यायचे आणि उगाच पाणी प्यायला उठायचे. मला दोघांचाही राग यायचा. पण खोटं कशाला बोलू, किळस मलाही यायची.

वर ह्यांच्या हाताला चळ. कुणाकडेही बसले की टेबलाखालून कडेवर अंगठा फिरवणार, पट्टी कुठे सुटलीय ते नखाने चाचपणार. डॉक्टरांनी ह्यांची छाती तपासेपर्यंत ह्यांनी डॉक्टरांचं टेबल वीतभर सोललं होतं.

लेकीने तिच्या ऑफिसातला मुलगा पसंत केला. पार जीव जडला होता तिचा, घरभर गुणगुणत फिरायची. त्याच्या आईने आम्हाला चहाला बोलावलं. वाटेत लेक ह्यांना म्हणाली, "बाबा, आज हात खिशात ठेवा. माझ्यासाठी." ह्यांनी मान डोलावली.

घर चकचकीत होतं. होणाऱ्या विहीणबाई पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "मला बाई घाण अजिबात खपत नाही." ह्यांचा एक हात खिशात होता, दुसऱ्यात कप. लग्नाची तारीख निघाली, हे बावरले, कप खाली ठेवला आणि हात टेबलाखाली गेला. मी डोळे वटारले, पाय दाबला, काही उपयोग झाला नाही. पट्टी अख्खी सुटून विहीणबाईंच्या पायांवर पडली. तिच्या मागे आणखी एक जुनी पट्टी होती, दोन्हींच्या मध्ये काळा, ओला लगदा. त्यातून झुरळं निघाली आणि बिस्किटांच्या बशीकडे चालायला लागली.

लेकीचे डोळे भरले. हे उठून उभे राहिले. "माफ करा, हाताची सवय. मी नीट करून देतो."

विहीणबाईंचा चेहरा आंबट झाला होता, तो एकदम खुलला. "मग स्वयंपाकघरातली कपाटंही बघाल का? सगळी तशीच आहेत. आता काय, घरचेच तुम्ही!"

झालं. दर सुट्टीला हे इस्त्री पिशवीत घालून निघायला लागले. लेकीला विहीणबाईंचं ते बोलणं नुसती थट्टा वाटली होती; तिला हे सांगायचे, ओव्हरटाइम आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अहो, व्याही म्हणून जाताय की गडी म्हणून?"

"पोरीचं मन आहे ना तिथे," हे म्हणायचे. "उद्या माझ्यामुळे मोडलं तर तिला तोंड कसं दाखवू?"

लेकीपाशी मीही मूग गिळून बसले.

एका सुट्टीला लेक म्हणाली, "चल आई, त्यांना लग्नाचे कपडे दाखवून येऊ, न सांगता." मी नाना सबबी सांगितल्या, पण तिने ऐकलं नाही. मी घरी केलेला केक डब्यात घातला आणि जीव मुठीत धरून निघाले. विहीणबाईंनी दार उघडलं नि त्यांचं तोंड उतरलं. आत मुलगा जेवत बसला होता. आमच्याकडे पाठ, पाय समोरच्या खुर्चीवर. स्वयंपाकघराकडे हात करून तो ओरडला, "मम्मी, त्यांना दार लावून घ्यायला सांग ना! जेवताना किळस येते."

लेक जागच्या जागी थांबली. मग तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं.

हे सिंकखालच्या कपाटात डोकं घालून आडवे पडले होते. केसांत झुरळांची अंडी, मानेवर काळं पाणी. तिला बघून धडपडत उठायला गेले, डोकं आपटलं. म्हणाले, "आज ओव्हरटाइम... जरा इकडेच निघाला."

तिने इस्त्रीची पिन काढली. "बाबा, उठा."

"अगं, एवढी कड होऊ दे. अर्धी सोडली तर सरस उघडा राहतो. मग सगळी घाण चिकटते त्याला."

"चिकटू दे."

"असं अर्धवट टाकून कसं चालेल?" विहीणबाई मागून म्हणाल्या.

लेकीने मुलाकडे पाहिलं. तो हातातला घास तसाच धरून उठला होता. "बस ना," ती म्हणाली. "जेव निवांत. तुझ्या घरात मी काही येत नाही."

बसथांब्यावर आम्ही तिघं बसलो. ह्यांचा जीव अजून तिकडेच. पुटपुटले, "माझ्यामुळे मोडलं ना? उद्या जाऊन ती कड पुरी करतो, माफी मागतो."

"बाबा, गप्प बसा."

तिने ह्यांचा हात मांडीवर घेतला. अंगठ्यावर गरम सरस पडून घट्ट झाला होता. तो ती नखाने सोलायला लागली. थोडा निघाला, बाकीचा तिच्याच नखात गेला. ती रडत होती. मग तिने माझ्या हातातला डबा ओढून घेतला, उघडला आणि ह्यांच्यापुढे धरला.

"भरवा," ती म्हणाली.

हे माझ्याकडे बघायला लागले. तो अंगठा, ती नखं, केसांत अजून ती अंडी. अहो, आधी हात तरी धुवा, असं अगदी तोंडावर आलं होतं माझ्या. मी ते गिळलं. ह्यांनी केकचा तुकडा मोडला आणि तिने आ केला.