हरभऱ्याचा पाव आणि कोरे बूट

चाकणात रोशनबीला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, तिच्या भट्टीतला पाव. दुसरी, समोरच्याला त्याच्याच शब्दांत अडकवायची तिची खोड.

नवरा होता तोवर पाव ताडीवर फुगायचा. तो गेला, पाठोपाठ दारूबंदी आली आणि ताडीही गेली. नवरा गेल्यावर पाळायची चार महिन्यांची इद्दत संपताच रोशनबीने आईची रीत काढली. हरभरे भरडायचे, मडक्यात घालून वर कढत पाणी ओतायचे आणि मडके गोधडीत गुंडाळून भट्टीच्या उबेला ठेवायचे. सकाळी वर बोटभर फेस चढे. त्यात मळलेला पाव ताडीच्या पावाहून हलका निघे. खोट एकच, वास. मडके उघडले की गल्लीत गुत्ता उघडल्यासारखे वाटायचे.

१९५४च्या थंडीत पिंपरीच्या एका कारखान्यातल्या कँटीनच्या मुकादमाने तिच्याकडून नमुन्याला सहा लाद्या मागवल्या. दहाच्या मोटारीने नाशिक फाट्यावर पोचल्या तर रोजचे गिऱ्हाईक पक्के; नाहीतर पुण्याचा बेकरीवाला टपलेलाच होता.

नऊला लाद्या भट्टीबाहेर आल्या आणि हवालदार हिंदुराव दारात आला.

"रोशनबी, मडक्यात काय हाय?"

"हरभरं."

"हरभऱ्याला असा वास येतो व्हय? माझं नाक समद्या तालुक्याला ठावं हाय."

"हाय खरं लांब," शेजारची शालनबाई कुंपणापलीकडून म्हणाली.

हिंदुरावने मडके जप्त केले. मग लाद्यांकडे बोट केले. "ह्यो बी दारूचाच माल. कुटं न्यायचा न्हाई."

तो ओट्यावर बसून पंचनामा लिहू लागला. लिहिता लिहिता त्याचे पाय बुटात सारखे चुळबुळत होते. बूट सरकारी, कोरे, कालच मिळालेले, आणि पायापेक्षा एक नंबर लहान. रोशनबीने ते पाहिले आणि वाद घालायचे सोडून दिले.

"साहेब, न चाखताच लिवता? फौजदारसाहेबांनी इचारलं, दारू कशावरून, तर काय सांगाल?"

हिंदुराव न्याहारी न करता निघाला होता. रोशनबीने घरच्यासाठी काढून ठेवलेले पाव पुढे केले. पहिला पाव त्याने खात्रीसाठी खाल्ला, दुसरा पहिल्याची खात्री करायला. तिसऱ्याला चहा मागितला.

"आता उटा," रोशनबी म्हणाली.

"का?"

"चढली का बगू. त्या लिंबापत्तोर सरळ चालून दावा."

तोवर पाच-सात माणसे जमली होती. त्यांच्यादेखत नाही कसे म्हणणार? हिंदुराव उठला. पहिले पाऊल टाचेवर पडले, दुसरे आडवे गेले आणि तिसऱ्याला त्याने शालनबाईचे कुंपण धरले.

"आगं बया, झिंगला की ह्यो!" शालनबाई ओरडली.

"बूट चावतोय!"

"पिणारा कंदी कबूल करतो का?" गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

बूट काढावा म्हणून तो वाकला, तर तोल जाऊन धुळीत बसला. आता तर लिंबावरची पोरेही टाळ्या पिटू लागली.

रोशनबी मात्र हसली नाही. तिने त्याला हात देऊन उठवले, ओट्यावर बसवले आणि पेन्सिल हातात दिली.

"लिवा साहेब. पावात दारू हाय. आन् तीन पाव कुनी खाल्लं, त्ये बी लिवा. डूटीवर."

हिंदुरावने कागदाकडे पाहिले, जमलेल्या लोकांकडे पाहिले, शेवटी बुटांकडे पाहिले. खेडच्या बाजूने मोटारीचा भोंगा ऐकू आला. त्याने लिहिलेले सगळे खोडले आणि खाली एक ओळ लिहिली: मडक्यात हरभरे मिळाले, पावात पावाखेरीज काही आढळले नाही.

"वाचून दावा की," शालनबाई म्हणाली.

त्याने वाचून दाखवले. तेही दोनदा, कारण मागच्यांना ऐकू आले नव्हते.

"एवडं केलंत," रोशनबी म्हणाली, "तर लाद्या टपावर चढवायला हात लावा. मोटार थांबायची न्हाई माज्यासाठी. तुमच्यासाठी थांबंल."

हवालदाराने रस्त्यात उभे राहून हात केला, मोटार थांबली, आणि सहाही लाद्या त्याने लंगडत लंगडत टपापर्यंत पोचवल्या.

शनिवारी मुकादमाचा निरोप आला: सोमवारपासून रोज दहा लाद्या.

हिंदुराव पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणीला आला. ड्यूटी ती ड्यूटी. पण ओट्याशी थांबून त्याने आधी दोन्ही बूट काढले, नीट कडेला ठेवले, अनवाणी आत गेला आणि मगच मडक्याचा वास घेतला.