घारीच्या घरट्याशेजारी

ताम्हिणीच्या जंगलात ड्रोनला बंदी आहे. नाक्यावरचे वनरक्षक काका प्रत्येक गाडीत वाकून विचारतात, "उडणारं काय हाय का?" ड्रोन निघालाच तर स्वतःच्या पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवतात आणि परतताना झोपलेलं मूल द्यावं तसा हातात देतात.

मी शहाणा! सीटखाली लपवून ड्रोन आत नेला आणि तो नेमका घारीच्या घरट्याशेजारी अडकला. खाली मान घालून नाक्यावर कबूल केलं. काकांनी माझा नंबर लिहून घेतला. "आत्ता न्हाई चढायचं. पिल्लं हायेत तितं."

दीड महिन्याने फोन आला. "पिल्लं उडाली. ड्रोन उतरवून कपाटात ठिवलाय. या तुमी."

गेलो, तर काका आधी झाडाखाली घेऊन गेले आणि रिकामं घरटं कौतुकाने दाखवत बसले. ड्रोन मागायचा राहिला, हे मला घरी बावधनला पोचल्यावर आठवलं.