सामरवरणीच्या चाळीतली आईची सुई

आज सकाळी आई गेली. आणि मला सारखी आठवतेय ती तिनेच मला टोचलेली सुई.

आई सिल्वासाला सरकारी नर्स होती. शाळेत नन्सना सिस्टर म्हणायचं आणि घरी यावं तर शेजारच्या काकू दारात, "सिस्टर आहेत का?" लहानपणी माझा फार गोंधळ व्हायचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही टोकरखाड्याला क्वार्टर्समध्ये राहायचो. लसीच्या दिवशी आई बर्फाचा डबा घेऊन गावोगाव जायची. काचेची सिरिंज, उकळलेल्या जाड सुया.

आणि प्रत्येक बाळाच्या आईला एकच वाक्य.
"काही होत नाही हो. मुंगी चावल्यासारखं."

सगळेच म्हणतात. तीही म्हणायची.

जवळच्याच सामरवरणी गावातल्या चाळीत इंदूबाई राहायची. धुळ्याकडची, नवरा यार्नच्या फॅक्टरीत. तिच्या तान्ह्या रेखाला डांग्या खोकल्यावरच्या त्रिगुणी लसीचा पहिला डोस दिला, आणि त्या मुंगीने पोरगी तापाने फणफणली.

सासूने गावाहून निरोप धाडला. देवीचा कोप आहे, पुन्हा सुई लावायची नाही. इंदूबाईने दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. तिचं बघून सगळ्या चाळीने बांधला. बाहेरच्याने आत यायचं नाही.

त्याच दिवसांत शेजारच्या पाड्यावर एक बाळ डांग्या खोकल्याने गेलं.


माझं दहाव्या वर्षीचं धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी होतं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आईने मला युनिफॉर्ममध्येच चाळीत नेलं आणि ओट्यावर बसवलं. बायका जमल्या, मुलांना पदराखाली घेऊन.

आई म्हणाली, "मागच्या वेळी मी खोटं बोलले. सुई दुखते. ही माझी मुलगी. हिलाही दुखणार आहे. बघा."

मी कॉन्व्हेंटची मुलगी. अजिबात रडायचं नाही, असं ठरवून गेले होते.
सुई आत गेली आणि मी असा भोंगा पसरला की ओट्याखालच्या कोंबड्या पळाल्या.

आधी एक बाई हसली. मग सगळ्याच.

इंदूबाई पुढे आली. "तुमनी पोर बी रडनी, ताई?"
"रडली ना. माणसाचीच पोर आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वरात. माझा दंड टम्म सुजलेला. बाजारात वांगी दाबून बघावीत तसा एकेकीने तो दाबून पाहिला. मी प्रत्येकीला ओरडून दाखवलं. त्यांचं समाधान झालं असावं.

बर्फाचा डबा आईने तेव्हाही सोबत घेतला होता. तिने इंदूबाईला समजावलं, रेखाला पुन्हा ताप येईल, पण तो येतो आणि जातो. डांग्या खोकला जाताना मूल घेऊन जातो.

 इंदूबाईने रेखाला आईच्या मांडीवर ठेवलं.

"टोच, ताई. पन ताप उतरस तोवर तू आठेच बठ."

आई बसली.

बाबा सायकलवरून मला न्यायला आले. आई आली ती दुसऱ्या सकाळी, रेखाचा ताप उतरल्यावर. डोळे तारवटलेले, हातात इंदूबाईने फडक्यात बांधून दिलेली कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी. बाबांनी चहा ठेवला.

पुढच्या लसीच्या दिवशी दारांवर डहाळे नव्हते. इंदूबाईच घरोघर जाऊन बायकांना बाहेर काढत होती. ताप येस, मंग उतरस, असं दरडावून.

मुंगीचं नाव आईने पुन्हा काढलं नाही. नव्वदच्या दशकात ती पोलिओच्या बूथवर बसायची, तेव्हा त्या चाळीत कुणाला बोलवायला जावं लागत नसे.

आई, ती पोरं आता चाळिशीला आली असतील. कुठेतरी ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतील, मुलांच्या अभ्यासावरून घर डोक्यावर घेत असतील. तुझं नाव त्यांना माहीत असायचं कारण नाही.

आहेत, एवढं पुरे.

सावकाश जा, आई. तुला डोकं टेकवून नमस्कार.