हळू आवाजाचं घर

धाकटी बहीण गेली, त्यानंतर तिची सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे बुऱ्हाणपूरला राहायला आली. तिचे वडील नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये पाळीवर जातात. सकाळची पाळी, दुपारची पाळी, यात पोरीचं जेवण कोण बघणार, असा प्रश्न होता. म्हणून ती आमच्याकडे, आणि वडील दर रविवारी तिला भेटायला.

आमच्या घरात मुळातच आवाज कमी. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, बायकोही मितभाषी. त्यात दुःखाचं घर. अशा घरात कुणी सांगत नाही, पण सगळे आवाज उतरवतात. भांडं हळू ठेवायचं, टीव्ही लावायचा नाही, बहिणीबद्दल बोलायचं तर आणखीच हळू.

भाची हाक मारली तर बघायची नाही. दोनदा, तीनदा विचारलं की नुसती मान हलवायची. शाळेतूनही निरोप आला की लक्ष देत नाही. बायको म्हणायची, राहू द्या, तिच्या मनात काय चाललं असेल. मीही राहू दिलं. खरं सांगायचं तर मला तिचं गप्प बसणं बरं वाटायचं. मी वाचत बसलो की ती शेजारी चित्रं काढत बसायची. मला वाटायचं, या घरात माझ्यासारखं दुःख करणारं आणखी एक माणूस आहे.

आमच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना आहे. सहा लूम. मालक सत्तरीचे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. शाळेतून आली की भाची तिथं जाऊन बसायची, सुताच्या रिकाम्या कांड्या टोपलीत भरायची. तिथं मात्र ती बोलायची, हसायची, चाचांनी काही मागितलं तर पटकन उठून द्यायची. बायकोला याचा आनंद व्हायचा. तिथं तिचं मन रमतं, म्हणायची. मला थोडा हेवा वाटायचा.

एका शुक्रवारी लूम बंद असताना चाचा दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मास्टरसाब, बुरा मत मानना," ते म्हणाले. "ही पोरगी कानानं नाही ऐकत, होठांनी ऐकते."

ते म्हणाले, लूमवर उभा राहणारा प्रत्येक माणूस शेवटी समोरच्याचं तोंड बघून बोलणं समजायला शिकतो. तेही तसंच करतात. कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात, म्हणून तिला तिथं कळतं. पण तिची पाठ असली आणि आवाज जरा कमी असला, की काही नाही. त्यांनी चार-पाच दिवस बघितलं होतं.

"मला ही सवय लागायला चाळीस वर्षं लागली," ते म्हणाले. "ती तर सहा वर्षांची आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला शनवारा वेशीजवळच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी घसा बघितला. मलाही बॅटरीच्या उजेडात दाखवला. दोन्ही बाजूंचे टॉन्सिल सुपारीएवढे सुजून एकमेकांना टेकायला आलेले. बाईंनी विचारलं, झोपेत तोंड उघडं असतं का, घोरते का, सर्दी वारंवार होते का. सगळ्याला हो. कान दुखायचा का? आदल्या हिवाळ्यात दुखला होता, एकदा वाहिलाही होता. बहिणीनं लसूण घालून गरम केलेलं तेल सोडलं होतं, आणि वाहायचं थांबलं म्हणून आम्ही सगळे निश्चिंत झालो होतो. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की कानात तेल यापुढे नको.

मग त्यांनी एका कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. कानाचं भोक, मग पडदा, आणि पडद्यामागं एक लहानशी खोली. तिला मध्यकर्ण म्हणतात. त्या खोलीत हवा असायला हवी. तिथं तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब, आणि पडद्याची थरथर ती आत पोचवतात. ही नावं मला पाठ होती. एका वर्षी विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले तेव्हा हा धडा मीच शिकवला होता. त्या खोलीतून एक बारीक नळी नाकाच्या मागं, घशात उतरते. आपण गिळतो तेव्हा ती उघडते आणि खोलीला हवा मिळते. मुलांची ही नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून घशातलं दुखणं लवकर कानात चढतं. भाचीच्या नाकामागं, जिथं आपल्याला दिसत नाही तिथं, टॉन्सिलसारखीच आणखी एक गाठ वाढली होती. तिनं नळीचं तोंड दाबलं होतं. खोलीतली हवा संपली आणि तिथं चिकट पाणी साठलं. आता ती तीन हाडं मधात बुडवल्यासारखी हलत होती.

बहिरी नाही, बाई म्हणाल्या. मोठा आवाज पोचतो, हळू बोललेलं पोचत नाही.

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. डोक्यात एकच चाललं होतं. तिची आई गेल्यापासून आम्ही तिच्याशी जे काही बोललो, ते सगळं हळू बोललो होतो.

पाणी बऱ्याचदा आपोआप उतरतं, म्हणून बाईंनी तीन महिने वाट बघायला सांगितलं. उतरलं नाही. वर्गात ती मागं पडत चालली, बोलताना शब्दांची टोकं खाऊ लागली. आता ऑपरेशन करायला हवं, बाई म्हणाल्या. टॉन्सिल आणि ती गाठ काढायची, पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढून घ्यायचं आणि तिथं एक चिमुकली नळी बसवायची, म्हणजे हवा जात राहील.

रविवारी मेहुणे आले. ऐकल्या ऐकल्या नाही म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बहीण पोटाच्या ऑपरेशनला आत गेली होती आणि त्यानंतर दोन दिवसांत संपली.

"दादा, एक त्या दारातून आत पाठवली. आता हिला पाठवू?"

शिवाय त्यांना हे खरंच वाटत नव्हतं. माझ्याशी तर चांगलं बोलते, म्हणाले. बोलणारच. मिलमधल्या मशीनजवळ आयुष्य काढलेला माणूस, त्यांचा साधा आवाजही चौकापर्यंत जातो. भाची जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. मी त्यांना म्हटलं, तिच्या मागं उभे राहा, आणि मी बोलतो तेवढ्याच आवाजात तिला काहीही सांगा.

ते उभे राहिले. जरा वेळानं हळूच म्हणाले, "चल बेटा, नेपानगरला आपल्या घरी जाऊ."

हे ऐकण्यासाठी ती दर रविवारी त्यांच्या पिशवीला धरून रडायची. आता तिनं पिवळा खडू ठेवला, हिरवा उचलला. ते पुन्हा तेच म्हणाले. मग खाली बसले.

"सही कुठं करायची?" त्यांनी विचारलं.

ऑपरेशन नीट झालं. आठवडाभर ती गार दूध-भातावर होती. मग एकेक आवाज तिला त्रास देऊ लागले. नळ गळतो, पंखा कुरकुरतो, मामी बांगड्या वाजवते. चाचांच्या कारखान्यात गेली ती कानांवर हात ठेवून परत आली. ते भिंतीपलीकडून ओरडले की आता हिला आमच्याकडे कोण नोकरी देणार.

नंतर एका दुपारी तिनं मला विचारलं, "मामा, दवाखान्यात आई मला काय म्हणाली होती?"

मी पुस्तक मिटलं. तो दिवस मला आठवत होता. बहिणीला बोलायला त्रास होत होता, आवाज जवळजवळ नव्हताच. पोरीला जवळ घेऊन ती दोन-तीन वाक्यं बोलली होती आणि पोरीनं मान हलवली होती. पोर किती शहाणी, असं आम्ही नंतर सगळ्यांना सांगितलं होतं.

काहीतरी चांगलं बनवून सांगणं मला अवघड नव्हतं. पण मी म्हटलं, "मी दाराशी होतो गं. मला ऐकू आलं नाही. पप्पा जवळ होते."

चार दिवस तिनं रविवारची वाट बघितली. मेहुणे आले, चपला काढतात न काढतात तोच तिनं त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते तिला मांडीवर घेऊन पलंगावर बसले आणि बोलू लागले. मी दोन हातांवर होतो, पण त्यांचा आवाज इतका खाली उतरला होता की मला एकही शब्द कळला नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. खाली मान घालून ऐकत होती. मधेच एकदा तिनं त्यांना थांबवलं, काहीतरी परत सांगायला लावलं.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. काय सांगितलं ते मी मेहुण्यांना अजून विचारलेलं नाही.