ओला खड्डा, कोरडी सही

बुलढाण्याच्या कॉलेजात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर, पंचेचाळिशीत मी रॉकेट बनवणाऱ्या एका खासगी कंपनीत रुजू झालो. वयाने मोठा, अनुभवाने सर्वांत कनिष्ठ. त्यामुळे बैठकीत मी सहसा गप्प बसे.

रॉकेटमधल्या एका यंत्राच्या विद्युतलहरींनी दुसरे यंत्र बहकू नये, हे तपासणे आमचे काम. रॉकेट भरकटल्यास ते नष्ट करण्याचा आदेश जमिनीवरून ज्या रिसीव्हरला मिळतो, त्याच्यावर आम्ही बंद खोलीत रेडिओलहरींचा मारा केला. कोणी आदेश दिला नसताना त्याने आदेश आल्याची नोंद केली. आमच्या विभागप्रमुखांनी त्याच्या केबलला लहरी अडवणारी तांब्याची पट्टी गुंडाळायला लावली. चाचणी उत्तीर्ण! मग पट्टी काढून टाकली. अहवालात तिचा उल्लेख नव्हता. त्याखाली माझी सही तेवढी बाकी होती. ती न करताच मी रजा टाकून गावी, साखरखेर्ड्याला आलो.

थोरल्या भावाची तिथे डाळ मिल आहे. सकाळी तो गळती झालेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाण्याच्या बादल्या ओतत होता.

"दादा, हे काय?"

"आज तपासनीवाला साहेब येऊन राह्यला. खड्डा ओला असला म्हंजे मीटर गुमान पास करते."

"आणि चार दिवसांनी वाळल्यावर? मिलमध्ये माणसं काम करतात! कोणाला शॉक बसला म्हणजे?"

माझा आवाज चढला होता. दादा बादली टेकवून हसला.

"काऊन बे मास्तर, एवढा तापला? तुमच्या रॉकेटात असं नसन चालत."

ज्या लबाडीबद्दल मी सख्ख्या भावावर ओरडत होतो, तिच्यासमोर मी आठवडाभर मान खाली घालून बसलो होतो. संताप प्रमुखांचा आला, त्याहून अधिक स्वतःचा. तिथूनच मी त्यांना फोन लावला.

"पट्टीशिवाय चाचणी पुन्हा घ्या, नाहीतर तीच पट्टी रॉकेटवरही लावा. तोवर माझी सही मिळणार नाही."

"सर, तुम्ही कॉलेजातून आलात. इथं असं चालतं."

"चालत असेल. सहीशिवाय चालवा."

फोन ठेवला तेव्हा दादा अजून बादलीपाशी उभा होता.

"मंग म्या पानी टाकू का नको?"

"नको. कुदळ आण."

आम्ही खड्डा उकरला. वरची माती ओली होती. वीतभर खाली सगळे कोरडे ठणठणीत, आणि ओल धरून ठेवणाऱ्या मीठ-कोळशाच्या थराची नुसती भुकटी उरली होती.

"साहेबाले काय सांगू?" दादाने विचारले.

"हेच दाखव," मी म्हणालो.